खिचडीआधीची दहा मिनिटं

साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीच्या पटावर चढलं. भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी भाषणं होतात, बाबासाहेबांच्या ज्ञानलालसेवर निबंध लिहिले जातात. पण शाळेतल्या दिवसांविषयी त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत जे लिहून ठेवलं, त्यात एका नळाची गोष्ट आहे. इतर मुलं तहान लागली की नळाकडे जात, तोटी फिरवत, पाणी पीत. या मुलाला तोटीला हात लावायची मुभा नव्हती. आधी मास्तरांची परवानगी, मग शिपाई हजर असला तर तो तोटी सोडणार, तेव्हा पाणी. शिपाई नसला की तहान तशीच घेऊन घरी जायचं.

मुलांना हात धुवायची सवय कशी लावावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. तो ऐकून काहींना वाटलं असेल की हे तर अंगणवाडीताईंचं काम, त्याला व्याख्यानमाला कशाला? साताऱ्यातल्या त्या नळापासून सुरुवात केली ती म्हणूनच. हात धुणं हा आपल्याकडे मुलाला ‘सांगायचा’ विषय समजला जातो. प्रत्यक्षात प्रश्न असतो तो नळ कुठं आहे, तोटी कोणाच्या हाती आहे, पाणी केव्हा येतं आणि साबण कोणाच्या कपाटात आहे याचा. मूल सांगण्यानं फार थोडं शिकतं. त्याच्या रोजच्या वाटेवर जे मांडून ठेवलंय त्यातून ते बरंच शिकतं.

पाण्यावरच्या हक्काचा हा झगडा या मुलखाला नवा नाही. जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं; 1868 साली त्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. 1897 साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता प्लेगनंच गेल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जन्म कुंभोजचा. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानपणी त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही आठवण त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात.

पुढं 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह आलं आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. त्याच वर्षी तिकडं महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि दळणापासून झाडलोटीपर्यंतची कामं स्वतः करत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्यांची पोटं भरली. वसतिगृहाविषयी बोलताना आपण समता, श्रम, त्याग असे मोठाले शब्द वापरतो. त्याखालचा साधा भाग नजरेतून सुटतो. पाळी ठरलेली असायची, काम वाटलेलं असायचं आणि एकानं टाळलं तर ते दुसऱ्याच्या अंगावर पडायचं. सवय लागायला लागतं ते एवढंच. भाऊरावांनी स्वच्छतेवर किती भाषणं दिली हे शोधत बसायची गरज नाही.

गाडगेबाबांचंही तसंच. आधी खराटा, मग कीर्तन. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री त्याच गावाला प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. 1954 साली कऱ्हाडला रयतनं महाविद्यालय काढलं त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाच्या नावानं कॉलेज, यातली गंमत कर्मवीरांना नक्कीच कळत असणार.

त्याच नावानं 2000-01 साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान आलं. ग्रामविकासमंत्री होते आर. आर. पाटील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, सगळ्यांचे आबा. सरकारनं आधी पैसे द्यायचे आणि मग गावानं काम करायचं, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. गावानं आधी स्वतः राबायचं, तपासणीला पथक येणार, बक्षीस मिळालं तर मिळालं. खटावमधल्या निढळपासून माणमधल्या लोधवड्यापर्यंत कितीतरी गावांनी त्या वर्षांत गटारं काढली, उकिरडे हलवले, संडास बांधले. पुढं 2018 च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला. हे काम खरं आहे आणि मोठं आहे. बाहेरगावी जाताना रस्त्याच्या कडेनं नाकाला रुमाल लावायचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ते पटवून द्यावं लागत नाही.

मात्र संडास बांधून झाला की तपासणी पथक निघून जातं. संडासातून बाहेर आलेल्या हाताकडे, किंवा ताटाकडे निघालेल्या हाताकडे, कुठलंही पथक बघत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर 2018 मध्ये, घराघरांत हात धुण्याविषयी विचारलं गेलं. शौचानंतर साबणानं हात धुणारी घरं देशात सुमारे 74 टक्के निघाली. जेवणाआधी साबण वापरणारी घरं जेमतेम 35.8 टक्के. शहरांत 56 टक्के आणि खेड्यांत 25.3 टक्के. म्हणजे खेड्यातल्या चार घरांतलं एक. आणि हे लोकांनी स्वतः सांगितलेले आकडे आहेत. विचारलं की माणूस थोडं वाढवूनच सांगतो.

या दोन आकड्यांमधल्या अंतराला कारण आहे. आपल्या घरात हात धुण्याला पूर्वीपासून मान आहे, पण तो विटाळाच्या हिशेबानं. बाहेरून आलं की पायावर पाणी, संडासातून आलं की राखेनं नाहीतर मातीनं हात, जेवण झालं की चूळ आणि उष्टा हात खळबळून धुणं. हे सगळं न चुकता होतं. जेवणाआधी मात्र हाताला नुसतं ‘पाणी लावायचं’. तांब्यातलं पाणी बोटांच्या टोकांवरून ओघळलं, हात धोतराला किंवा पदराला पुसला, झालं. दिसायला हात स्वच्छच असतो, कारण शेण, चिखल, रंग असलं काही त्यावर नसतं. जेवल्यानंतरचा हात तेलकट, म्हणून त्याला साबण. जेवणाआधीचा हात कोरडा, म्हणून त्याला पाण्याचा शिपका. रोगाच्या दृष्टीनं हे नेमकं उलटं आहे.

पोरं याच्या पुढं दोन पावलं.

“हात धुतलंस का रं?”

“धुतलं की!”

“दाव बघू.”

दावलेला हात मनगटापर्यंत कोरडा ठणठणीत असतो आणि चेहरा मात्र गंगेत न्हाऊन आल्यासारखा. सातारा-सांगलीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हा संवाद दिवसातून दोनदा होतो आणि दोन्ही वेळा मोठी माणसं हरतात.

त्या हातावर असतं काय? जंतांचंच घ्या. बारीक पांढऱ्या जंताची मादी रात्री मूल झोपल्यावर गुदद्वारापाशी येऊन अंडी घालते. तिथं खाज सुटते, मूल झोपेतच खाजवतं आणि अंडी नखांत जातात. काही तासांत ती दुसऱ्याला किंवा त्याच मुलाला लागण करण्याजोगी होतात. सकाळी तीच बोटं चहात बुडवलेल्या बटराला लागतात. मोठ्या गोल जंताची अंडी मातीत काही आठवडे मुरावी लागतात, पण मग ती तिथं वर्षानुवर्षं तग धरतात; अंगणात गोट्या खेळणाऱ्या पोराच्या नखांत त्यांना आयती जागा मिळते. सरकार 2015 पासून 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतं, शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतं. चांगली योजना आहे. पण ती गोळी पोटातल्या जंतांसाठी असते. नखांतल्या आणि अंगणातल्या अंड्यांशी तिचा संबंध नसतो. हात तसेच राहिले तर काही महिन्यांत पुन्हा पहिले पाढे.

आणि नुसतं पाणी पुरत का नाही? त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो आणि घाण त्या तेलाला धरून बसते. पाणी तेलावरून घसरतं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला, त्यामुळं चोळलं की तेल, घाण आणि जंतू एकदमच सुटून वाहून जातात. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. नोरोसारख्या जुलाबाच्या विषाणूंना असं आवरणच नाही, म्हणून त्यांच्यापुढं सॅनिटायझरची बाटली अपुरी पडते. तिथं चोळणं आणि धार हेच औषध. महागड्या जंतुनाशक साबणाचीही गरज नाही. कराचीच्या वस्त्यांत स्टीफन ल्यूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी चाचणी केली, तिचे निष्कर्ष 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. साबण आणि हात धुण्याचा पाठपुरावा मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यानं कमी झाला, पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाबही निम्म्याहून कमी झाले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही.

त्या कराचीच्या कामाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. फुकट साबण आणि आठवड्याच्या भेटी बंद झाल्यानंतर दीड वर्षानं संशोधक पुन्हा त्या घरांत गेले. हात धुण्याची जागा बऱ्याच घरांनी राखली होती. साबणाच्या खरेदीत मात्र इतरांहून फरक नव्हता आणि मुलांच्या जुलाबांतही म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. लोकांना माहिती होती, महत्त्व पटलेलं होतं, तरी ते ओसरलं. पाठपुरावा करणारं माणूस येत होतं तोवरच गाडी चालली.

हे फक्त अडाणी-गरिबांचं असतं असं समजू नये. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात 1847 साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बरोबरच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं खाली आले. त्याच्या बरोबरीच्या विद्वानांना तरीही ते रुचलं नाही. सांगली जिल्ह्यातलं मिरज हे दवाखान्यांचं गाव, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. अशा कुठल्याही हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरचं हात धुण्याचं सिंक बघावं. ते दाराशीच असतं, तोटी कोपरानं फिरते आणि हात न धुता आत गेलेल्या सर्जनला परिचारिका हातमोजे देत नाही. इतकी वर्षं शिकलेल्या माणसाच्याही चांगुलपणावर हॉस्पिटल विसंबत नाही, त्याच्या वाटेतच नळ लावतं. आपण मात्र पहिलीतल्या पोरानं तक्ता वाचून स्वतःहून हात धुवावेत अशी अपेक्षा धरतो.

तक्ते भरपूर आहेत. शाळेच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या रंगवलेल्या असतात, कधीकधी नळापासून चांगल्या लांब. 2008 पासून 15 ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन झाला. त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं, फोटो काढून वरच्या कार्यालयाला पाठवले जातात. 2014 साली याच दिवशी मध्य प्रदेशात 51 जिल्ह्यांतल्या 12 लाख 76 हजार 425 जणांनी एकाच दिवशी हात धुऊन गिनेस बुकात विक्रम नोंदवला. 16 ऑक्टोबरला काय झालं हे मोजायला गिनेसवाले थांबत नसतात.

याउलट दोन प्रयोग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातला, ‘सुपरअम्मा’ नावाचा, चौदा गावांतला. तिथं रोगजंतूंवर व्याख्यान नव्हतं. मुलाला चांगलं वळण लावणारी, सगळ्यांनी कौतुक करावं अशी आई आणि तिच्यासमोर एक किळसवाणा, अस्वच्छ माणूस, अशा नाटुकल्या आणि चित्रपट्ट्या होत्या. सहा महिन्यांनंतर तिथं योग्य वेळी साबणानं हात धुण्याचं प्रमाण 37 टक्क्यांवर गेलं. जिथं काहीच केलं नव्हतं त्या गावांत ते 6 टक्के होतं. रोगाच्या भीतीनं जे साधलं नव्हतं ते किळस आणि आईपणाच्या अभिमानानं साधलं. 37 टक्के म्हणजे काही पहिला नंबर नव्हे, पण 6 च्या तुलनेत पुष्कळ.

दुसरा प्रयोग बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांतला. संडासापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत फरसबंदी वाट केली, तिच्यावर रंगीत पावलं काढली आणि हात धुण्याच्या जागी हाताचे ठसे रंगवले. एक शब्द शिकवला नाही. आधी साबणानं हात धुणारी मुलं 4 टक्के होती. काम पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी 68 टक्के झाली आणि सहा आठवड्यांनीही 74 टक्के टिकून होती. मुलाला पाऊल दिसलं की त्यावर पाऊल टाकावंसं वाटतं, हे लंगडी खेळलेल्या कुणालाही सांगायला नको. रंगाचा एक डबा आणि पेंटरची एक दुपार, एवढ्यावर जे काम झालं, ते आपल्याकडे वर्षानुवर्षांच्या नखतपासणीनं झालेलं नाही. नखतपासणी वाईट नाही. पण प्रार्थनेच्या रांगेत बाईंनी नखं बघणं ही परीक्षा झाली, शिकवणं नव्हे. पोरं नखं दातांनी कुरतडून परीक्षा पास होतात, आणि त्यातून नखांतला ऐवज थेट पोटात.

आता शाळेत येऊ. शालेय पोषण आहार योजना 1995 साली आली, आज तिला पीएम पोषण म्हणतात. दुपारची सुट्टी होते, घंटा वाजते, खिचडीचा वास आधीच वर्गात पोचलेला असतो. मुलं ताटल्या घेऊन सुटतात. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हातांचा रोजचा निकाल याच वेळी लागतो.

साठ मुलांची शाळा धरा. पाणी घेणं, साबण लावणं, वीस सेकंद चोळणं, धुऊन टाकणं, बाजूला होणं याला एका मुलाला चाळीस सेकंद लागतात असं समजू. नळ एकच असेल तर साठावं मूल चाळीस मिनिटांनी जेवायला बसेल. म्हणजे सुट्टी संपली. पाच नळ असतील तर आठ मिनिटांत सगळी उरकतात. जिथं एकच नळ आहे तिथं ‘मुलं हात धूत नाहीत’ ही तक्रारच चुकीची आहे. ती धुवूच शकत नाहीत. मोठे नळ बसवायचीही गरज नसते. टाकीला जोडलेला एक लांब पाइप, त्याला ओळीनं तोट्या किंवा नुसती भोकं, खाली सिमेंटची पन्हाळ, उंची पहिलीच्या मुलाच्या कोपराएवढी. ही उंची फार महत्त्वाची. टाचा उंचावून धुतलेल्या हाताचं पाणी कोपरावरून बाहीत जातं, आणि ओली बाही कुठल्याही पोराला आवडत नाही. पुन्हा ते मूल त्या नळाला शिवत नाही.

मग साबण. शाळेत साबण असतोच. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो. त्यांनाही बोलून उपयोग नाही. बाहेर ठेवलेली वडी एकतर कावळा नेतो, नाहीतर गटारात जाते, नाहीतर कुणाच्या तरी दप्तरातून घरी. यावर काही शाळांनी वडी जुन्या मोज्यात किंवा जाळीत घालून तोटीला टांगली. त्याहून चांगला उपाय बांगलादेशातल्या संशोधकांनी रुळवला. दीड लिटरच्या प्लास्टिक बाटलीत 30 ग्रॅम धुण्याची पावडर, वर पाणी, झाकणाला खिळ्यानं भोक. दाबलं की हातावर साबणाच्या पाण्याची चिळकांडी. चोरण्यासारखं त्यात काही नाही आणि पोरांना चिळकांडी उडवायची हौस असते, ती इथं कामाला येते.

सांगलीच्या बाजूला धडा द्यायचाच असेल तर त्यासाठी हळदीसारखं साधन नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्धच आहेत. मुलांच्या हाताला गोडेतेलात कालवलेली चिमूटभर हळद चोळावी आणि अर्ध्यांना नुसत्या पाण्यानं, अर्ध्यांना साबणानं धुवायला पाठवावं. पिवळेपणा दोघांचाही पुरता जात नाही, पण कुणाचा किती राहिला ते पोरं आपणहून ओरडून सांगतात. राहतो तो नेहमी त्याच ठिकाणी. अंगठा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. तळव्यावर तळवा घासला की हात धुतला, असं मूल समजतं. अंगठ्याची बाहेरची बाजू आयुष्यभर कोरीच राहते. एकदा हळद दिसली की पुढं ‘अंगठा!’ एवढंच म्हणावं लागतं. तासगावकडच्या द्राक्षबागांतल्या घरांत हाच धडा औषध फवारणीलाही लागू पडतो. फवारलेल्या घडाला हात लावून आलेल्या पोराला पाण्याचा शिपका पुरत नाही.

हात कोरडे करणं हा दुर्लक्षित भाग. ओल्या हाताला जंतू जास्त चिकटतात आणि जास्त सांडतात. पण वर्गातला टांगलेला सामाईक नॅपकिन आठवडाभर तसाच असेल तर हात झटकून वाऱ्यावर वाळवलेले बरे.

पाण्याशिवाय हे सगळं बोलणं पोकळ आहे, आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत पाण्याची दोन टोकं आहेत. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा दुष्काळी पट्टा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी बऱ्याच शिवारांत कृष्णेचं पाणी पोचलं, पण टँकरची वाट बघितलेली पिढी अजून घरात आहे. हंड्यानं पाणी आणणाऱ्या आजीनं ‘हातावर किती ओततोस’ म्हणून नातवाला झापलं तर तिला आरोग्यशिक्षण द्यायला जाऊ नये. याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून मात्र एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत 10 टाक्या, 5 लाख लिटर. पाणी मोजून देणाऱ्या घरासाठी पायानं चालणारा डबा असतो. पाच लिटरचा कॅन दोन खुंट्यांच्या मधल्या आडव्या दांडीला अडकवायचा, तोंडाजवळ बारीक भोक, तिथून सुतळी खाली पायाशी ठेवलेल्या काठीला. काठी दाबली की कॅन कलतो, बारीक धार येते, पाय काढला की बंद. तांब्यानं एक हात धुवायला जेवढं पाणी जातं तेवढ्यात इथं कितीतरी मुलांचे हात धुऊन होतात, आणि धुतलेल्या हातानं तोटीला पुन्हा शिवावं लागत नाही. चौथीची मुलं हे अर्ध्या दिवसात बांधतात. आपण बांधलेली वस्तू मुलं वापरतातही जास्त.

दुसरं टोक ऑगस्ट 2019 चं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ, गटार आणि विहीर एक झालेली, आणि सुटका करून आणलेली लहान मुलं शाळांच्या वर्गांतल्या छावण्यांत. सगळीकडे पाणी आणि हात धुवायला पाणी नाही, अशी ती अवस्था. पुराच्या मदतीत बिस्किटं आणि चादरी ढिगानं येतात. पुढच्या वेळी साबणाच्या वड्या आणि झाकणाचे पिंप त्याआधी यावेत.

मार्च 2020 मध्ये वाळवा तालुक्यातल्या इस्लामपूरचं नाव देशभर झालं. परदेशातून परतलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांना कोरोना निघाला आणि बघता बघता आकडा पंचविशीपर्यंत गेला. गाव कडकडीत बंद झालं, साखळी तुटली आणि बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी आले. त्या वर्षी हात धुणं हा देशाचा उद्योग झाला. फोन लावला तरी खोकल्याची धून आणि हात धुवायचा सल्ला. दुकानाच्या दारात बादली, बँकेच्या दारात बाटली. एका गोष्टीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्या दीड-दोन वर्षांत हात धुण्याचा गजर सगळ्यात मोठा होता, त्याच काळात शाळा बंद होत्या. म्हणजे मुलं हात धुणं शिकली ती भीतीपोटी आणि घरात एकेकट्यानं. शाळा उघडल्या तेव्हा भीती गेली होती आणि दारातल्या बादल्याही.

भीतीपेक्षा शेजारचं मूल जास्त कामाला येतं. ब्रिटनमध्ये महामार्गावरच्या स्वच्छतागृहांत वेगवेगळे संदेश लावून लाखो लोकांच्या हात धुण्याची नोंद घेतली गेली. 2009 साली निकाल आला. साबण वापरणारे पुरुष जेमतेम एकतृतीयांश, बायका दोनतृतीयांश. सगळ्यात परिणामकारक संदेशांत होता तो शेजारचा माणूस साबणानं हात धुतोय का, असं विचारणारा.  शाळेत हे आयतंच जमतं. सगळ्या वर्गानं एकाच वेळी, एका ओळीत, बाईंसकट हात धुवायचे. बाईंसकट हे महत्त्वाचं. खिचडीची चव घेणारे सर स्वतः हात न धुता चमचा उचलतात, हे मुलं बरोब्बर टिपतात.

आणि ज्या मुलांना शाळाच नाही? ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. कऱ्हाडचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती. बीडकडून, जत-माणकडूनही ऊसतोड कुटुंबं येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे आई-बाप कोयता घेऊन जातात, मागं आठ वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला भाकरी भरवते. तिचे हात धुवायचे कुठं? हंगाम संपेपर्यंत, मार्चपर्यंत तिचं नाव पटावर असलेल्या शाळेला ती दिसत नाही, आणि ज्या गावात ती राहते त्या गावाच्या ग्रामस्वच्छतेच्या हिशेबात ती धरलेली नसते. ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांसाठीच्या साखरशाळा जिथं चालतात तिथं हा प्रश्न थोडा तरी सुटतो. पण कोप्यांच्या वस्तीत पायानं चालणारे दोन कॅन आणि साबणपाण्याच्या चार बाटल्या टांगायला साखरशाळा निघायची वाट बघण्याचं कारण नाही. कारखान्याच्या गट ऑफिसनं किंवा गावच्या तरुण मंडळानं एका रविवारी करण्याचं काम आहे हे.

खर्चाचा हिशेबही करून टाकू, म्हणजे पैशांची सबब उरणार नाही. एका मुलाला एका वेळी 3 मिलिलिटर साबणपाणी धरलं तर साठ मुलांना दिवसाला 180 मिलिलिटर लागतं. दीड लिटरची बाटली आठ दिवस जाते. वर्षातले 220 शाळेचे दिवस धरले तर 27-28 बाटल्या, म्हणजे साधारण 840 ग्रॅम पावडर. जेवणाआधी आणि संडासानंतर असं दोनदा धरलं तरी पावणेदोन किलोंच्या आत. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान येतं, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चावेत असं 2018 पासून ठरलेलं आहे. 25 हजार रुपये मिळणाऱ्या शाळेचे त्यातले अडीच हजार होतात. पावणेदोन किलो पावडर त्यात सहज बसते, वर पाइप, तोट्या आणि रंगाचा डबाही.

पैसे आहेत, पावडर आहे, बाटलीही आहे. राहतो तो प्रश्न बाटली भरायची कोणी. मुख्याध्यापक म्हणतात स्वयंपाकीण-मदतनीस ताईंनी. त्या आधीच तुटपुंज्या मानधनावर भांडी, तांदूळ, पाणी, चूल सांभाळतात. शिक्षक म्हणतात शिपायानं. बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाईच नाही. मुलांच्या गटाला पाळी द्यावी, तर पालकांतलं कुणीतरी विचारतं की आमच्या पोराला कामाला का लावता. शाहू बोर्डिंगच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जावा याचं नवल वाटतं, पण विचारला जातो. एक अट मात्र पाळायला हवी. पाळी सगळ्यांची लागली पाहिजे, मुलांची आणि मुलींची, सगळ्या वाड्यांतल्या पोरांची, आडनाव न बघता. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि वेळापत्रकात दुपारच्या सुट्टीच्या आधी दहा मिनिटं लिहून टाकावीत, भाषा आणि गणिताच्या तासासारखी, विषयाचं नाव घालून. ती दहा मिनिटं कोणत्या तासातून काढायची यावर गुरुजींत वाद होईल. तो व्हावा, पण बैठक उठायच्या आत मिटावा.